पाव फेरा

—अन् ते कानावरचं काढ आधी. माझ्याशी बोलून राहिला का त्या डब्याशी? उमेंद्रशी बोलत होता, ऐकलं मी. माझा पोरगा नागपूरले दवाखान्यात खाटेवर पडून तुले काम समजावून राहिला होता — समजलं ना काम? मग झालं. काढ. हं, ठेव तिथं टेबलावर, चहाच्या कपाजवळ. चाळीस वर्षं राइस मिलमध्ये मिस्त्री होतो मी. तिथं एकच नियम — पट्टा चाकावरून उतरवला का यंत्र उभं राहते, मग खुशाल हात घाल. कानावरून उतरलं, बंद झालं. आता माझं ऐक.

रिंकू नाव ना तुझं? गोंदियात कॉम्प्युटरचं दुकान आहे म्हणते उमेंद्र. म्हणून तुले दवनीवाड्यापर्यंत बोलावलं. तुझ्याआधी एक आला होता, टाय लावून. दोन तास बसला, चहा प्यायला तीन वेळा, अन् म्हणते — काका, विमानात काही खराबी नाही, तुमचं मशीनच जुनं आहे, नवीन घ्या. मी त्याले एक लावली. इथं, कानाखाली. चष्मा त्या कोपऱ्यात जाऊन पडला. उचलून न पुसताच घातला अन् गेला. तू कायले मागं सरकला? तुले नाही मारत. तू अजून काही बोललाच नाही.

काम साधं आहे. हे विमान उमेंद्रनं केलं आहे. खरं नाही, पडद्यावरचं, पण आतमध्ये सगळं खऱ्यासारखं — काटे, बटनं, पंखा, चाकं. दीड वर्ष लागलं. एकट्यानं केलं, डाव्या हातानं. हैदराबादची कंपनी आहे एक, विमान शिकणाऱ्या पोरांना आधी असल्या पडद्यासमोर बसवते. आज चार वाजता ते तिकडून पाहणार आहेत. पास झालं तं उमेंद्रले नोकरी, इथंच घरी बसून. नाही झालं तं दुसऱ्याचं घेतील, ते तयारच आहे त्यांच्याजवळ. आता किती वाजले? अडीच. तुझ्याजवळ दीड तास आहे. उडते बरोबर, चढते बरोबर, वळते बरोबर. फक्त उतरत नाही. दहा हजार फुटांवर आहे, बटन दाबून सांगा का तीन हजारावर ये — त्यानं स्वतःच आलं पाहिजे, कोणी हात न लावता. ऑटोपायलट म्हणतात त्याले. माहीत आहे मले, चौथी शिकलो पण बहिरा नाही, दीड वर्ष या भिंतीच्या पलीकडे झोपतो, सगळं ऐकू येते. तं उतरायले सांगितलं का काय होते, ते तू पाहा. मी पाहत नाही. मी ऐकतो.

दाब बटन.

ऐक. नाक खाली घातलं — वेग वाढला — पंखा ओरडून राहिला, ऐकलं? आता घाबरून नाक वर केलं — आवाज बसला. पुन्हा खाली. पुन्हा वर. दरवेळी आधीच्याहून जास्त. चौथ्या झोक्याले ते वरच्या वर थांबते अन् मग दगडासारखं — पाहा. पडलं. पडद्याची काच लाल झाली ना? नेहमीच होते. उमेंद्र तीन आठवडे हेच ऐकून राहिला. रात्रीचं जेवण सोडून ऐकून राहिला. मी पलीकडून ऐकून राहिलो होतो अन् मले पहिल्याच दिवशी समजलं होतं.

सांगितलं काऊन नाही? कोण विचारते मले. माझ्या घरात कॉम्प्युटरबद्दल मले कोणी विचारत नाही. अन् मी न विचारता सांगत नाही.

तू कर आधी तुझ्या मनानं. कर.

...

हे काय करून राहिला? अर्धा तास झाला, तू फक्त पडदे उघडून बंद करून राहिला. पुसून नवीन टाकतो म्हणते. कायले? इंजिन झुललं म्हणून कोणी इंजिन फेकते का? अन् तो बाण पाहा, तुझा हात तं मांडीवर आहे, बाण काऊन फिरून राहिला पडद्यावर? त्या आकड्यांच्या यादीवर जाऊन थांबला. तुझा तो माऊसही खराब दिसते. दे सोडून. हात काढ. आता मी सांगतो तसं कर, नाही तं उठ अन् जा, रस्ता माहीत आहे तुले.

मिलमध्ये आमचं काळं इंजिन होतं, माझ्या बापापेक्षा मोठं. त्याच्या डोक्यावर दोन लोखंडी गोळे फिरायचे. इंजिन जोरात धावलं का गोळे वर उचलायचे अन् तेल कमी करायचे, मंदावलं का खाली बसायचे अन् तेल वाढवायचे. गव्हर्नर. माणूस नको, गोळेच सांभाळतात. पण त्या गोळ्यांची स्प्रिंग जास्त कडक झाली ना, तं ते थोड्यासाठी खूप करतात. इंजिन जरा धावलं का तेल एकदम तोडतात, जरा बसलं का एकदम ओततात. मग इंजिन झुलते. असंच — वर, खाली, वर, खाली. बाहेर रस्त्यावरून ऐकलं तरी मले समजायचं. सांभाळणारा हात कमजोर नाही राहत, समजलं? तो जास्त जोराचा राहते. तुझ्या विमानाले हाच रोग आहे. त्याले खाली कसं जायचं ते येते. पण जरा चुकलं का ते स्वतःलेच मारते.

झुलू दिलं तं काय होते तेही सांगतो. केशोराव होता आमच्याकडे, आमगावचा, पट्ट्यावर डांबर लावायचा. एक दिवस मी सुट्टीवर, दुसऱ्या मिस्त्रीनं झुलतं इंजिन तसंच चालवलं. संध्याकाळी मी हत्यारं न्यायले गेलो, अन् दारातच ऐकलं — मी ओरडलो केशोराव हो बाजूले, अन् त्याच वेळी पट्ट्यानं उडी मारली. त्याचा हात घेतला अन् वरच्या शाफ्टवर गुंडाळला. हात, मग कोपर, मग खांदा. माणूस जमिनीवरून उचलला गेला. त्याचे पाय पोत्यांवर आपटून राहिले होते — धप, धप, धप — इंजिनाच्या तालात. मी कुऱ्हाड घेतली अन् पट्टा तोडला. तो खाली पडला, हात वरच राहिला. अजून दोन फेरे फिरला तो हात, एकटा. मालक धावत आला अन् आधी काय पाहिलं त्यानं? धान. किती पोत्यांवर रक्त उडालं ते. मी त्याची मान धरली अन् तोंड भुशाच्या ढिगात घातलं, श्वास बंद होईपर्यंत धरून ठेवलं. चार जणांनी सोडवला. दुसऱ्या दिवशी त्यानंच मले बोलावलं, दुसरा मिस्त्री नव्हता त्याच्याजवळ.

चहा पी. थंडा होऊन राहिला. सुशिलाबाईनं ठेवला अन् गेली, पाहिलं ना, माझी बायको — ती इथं थांबत नाही.

चल. तो आकडा शोध. विमान ठरल्या वाटेवरून जरा हललं तं त्याले किती जोरानं परत ओढायचं, तो आकडा असलाच पाहिजे. उमेंद्रनं मराठीतच नावं लिहिली आहेत आपल्या समजुतीसाठी. काय लिहून आहे? जोर. किती? आठ. झालं. एकदम खाली नको आणू. पाव फेरा. स्प्रिंगचा नट पाव फेऱ्यावर पाव फेरा सोडायचा अन् दरवेळी थांबून ऐकायचं. आठाचा पाव किती? दोन. मग सहा लिही. परत दहा हजारावर ने. दाब.

एक झोका... दोन... तीन... चार... पाच. पडलं, पण पाचव्याले पडलं. आधी चौथ्याले पडत होतं. सुधरून राहिलं.

चार लिही. दाब. बोलू नको मध्ये. एक... दोन... तीन... चार... पाच... सहा... नाही पडलं. झुलून राहिलं, पण वाढत नाही. झोपेतल्या माणसासारखं झुलून राहिलं. अजून पाव.

दोन. दाब. हं... हं... आता आळशी झालं. ऐक, नाक खाली घालायले वेळ लावून राहिलं, वेग वाढला तरी त्याले काही वाटत नाही. जास्त सोडलं. एक परत घे. तीन लिही.

तीन.

दाब.

...

आवाज ऐक. मी डोळे बंद केले आहेत, तूही कर. एकसारखा. नवीन पट्टा असते तसा. किती झालं? सात हजार. किती? पाच. नाक स्थिर आहे? राहणारच. चार... आता पाहा, तीनवर येताना ते स्वतः हळू होईल... झालं? थांबलं? तीन हजारावर? वीस फूटही इकडे-तिकडे नाही?

हं.

किती वाजले? साडेतीन. अर्धा तास शिल्लक आहे. चौथी शिकलेल्या माणसानं केलं. तुझ्या दुकानाच्या पाटीवर लिहून टाक.

काय म्हणते? नाही, नीट बोल, काय म्हणून राहिला होता हिंदीत? उमेंद्रनं सांगितलं तुले का त्याचा हात कसा मोडला. जॅक सरकला. बाबांच्या हातून जॅक सरकला, बाबांचा काही दोष नाही, म्हातारा माणूस — असं म्हणाला? म्हातारा माणूस? अन् तू म्हणते का एवढा मोठा मिस्त्री अन् त्याचाही हात चुकते कधी कधी.

पुन्हा म्हण.

ऐक रिंकू. माझ्या हातून जॅक सरकत नाही. चाळीस वर्षांत माझ्या हातून पाना सरकला नाही. केशोरावचा हात गेला तेव्हा मी सुट्टीवर होतो, मी असतो तं ते इंजिन झुललंच नसतं. गावात पाहिजे त्याले विचार. दोन वर्षं झाली, सारे लोक माझ्या तोंडावर म्हणतात, यादोराव, होते असं वयानं, अन् मी ऐकून घेतो. शालीकराम, काल बैल हाकायले शिकलेला माणूस, तो मले सांगते का जॅकखाली लाकडी ठोकळा लावावा. मले. मीच शिकवलं या गावाले ठोकळा लावायले.

ठोकळा मी मुद्दाम लावला नव्हता.

बस खाली. चहा सांडला, सांडू दे. तुले हाताचं माहीत पाहिजे ना, मग पूर्ण माहीत करून घे, अर्धं घेऊन जाऊ नको गोंदियाले.

बिरसीच्या विमानतळावरची विमानं दिवसभर आमच्या डोक्यावरून जातात. पोरगा पाचवीपासून मान वर करून जेवते. मी म्हटलं, मिलमध्ये ये, तुले सगळं देतो, माझ्यासारखा कान दुसऱ्या कोणाले नाही. तो हो म्हणायचा. अन् माझ्या मागं पायलट व्हायचा फॉर्म भरला, परीक्षा पास झाला, अन् सोमवारी नागपूरले डॉक्टर तपासणार होते — डोळे, कान, हात, पाय. कागद इंग्रजीत होता. पुतणीकडून, मंजूकडून वाचून घेतला मी. सगळं धड पाहिजे, असं लिहून होतं. एकच पोरगा आहे मले. यंत्र माणसाचं काय करते ते मी पाहिलं आहे, जमिनीवर, दोन्ही पाय जमिनीवर असताना. हा आकाशात जाणार होता. अन् मले न विचारता. दोन्ही गोष्टी आहेत, एक लपवून दुसरी सांगत नाही.

शनिवार होता. ट्रॉलीत धानाची पोती भरून होती, चाक काढायचं होतं. चाक काही खराब नव्हतं. मी जॅक लावला, ट्रॉली उचलली अन् हाक मारली. तो या खोलीतून आला, त्यानंच लाकडाचा दांडा करून लावला होता टेबलाले, त्याच्यानं गेममधलं विमान चालवून राहिला होता, ते तसंच सोडून आला. म्हटलं, उजवा हात चाकाखालून आत घाल, बेअरिंग पाहा किती गरम आहे. घातला. विचारलं नाही त्यानं, ट्रॉली उभी आहे तं बेअरिंग गरम काऊन राहील. बाप म्हणते म्हणून घातला. मनगटापर्यंत. मी म्हटलं, अजून आत. घातला.

जॅकचा स्क्रू मी पाव फेरा सोडला.

पूर्ण सोडला असता तं हात तुटून पडला असता, केशोरावसारखा. तेवढं मले नको होतं. अर्धा सोडला असता तं बोटं गेली असती. माझा हिशोब पक्का होता — पाव फेरा, मनात दोन म्हणेपर्यंत, अन् परत घट्ट. एक, दोन. हाड वाजलं. ओल्या बांबूसारखं, दोनदा. तो ओरडला नाही आधी, त्यानं माझ्याकडे पाहिलं, अन् म्हणते — बाबा, जॅक सरकला, बाजूले व्हा, तुमच्या पायावर येईल. माझ्या पायावर. मग ओरडला. मी ट्रॉली परत उचलली, हात काढला, धोतर फाडून बांधलं. माझा हात हलत नव्हता तेव्हा. आताही पाहा. हलते का?

सुशिलाबाई ओसरीत होती, तांदूळ निवडून राहिली होती. तिनं पाहिलं. तिनं माझा अंगठा पाहिला स्क्रूवर. त्या दिवसापासून ती मले वाढते, पण माझ्यासमोर जेवत नाही. एक शब्द बोलली नाही, मले नाही, त्याले नाही. अन् पोरगा दोन वर्षं माझी समजूत घालून राहिला. बाबा, मनाले लावून घेऊ नका. बाबा, तुम्ही काय मुद्दाम केलं का. मले चप्पल आणून देते डाव्या हातानं. उद्या त्याच्या हाडात बसवलेली लोखंडी पट्टी काढणार आहेत नागपूरले, तिसरं ऑपरेशन, अन् जाताना माझ्या पाया पडला.

झालं. आता सांग का हात चुकला. माझा हात चुकला नाही. काम जसं करायचं होतं तसंच झालं. अन् आजही पाहा, त्याचं विमान कोणी उतरवलं? मीच. एक हात घेतला तं नोकरी दिली, घरी बसून, माझ्या डोळ्यांसमोर. फिटलं.

काऊन रडून राहिला? तू कोण लागते त्याचा?

कायले टेबलाकडे पाहून राहिला?

...

हा आवाज कुठून आला? खाकरल्यासारखा. सुशिले, तू आहे का दाराआड? नाही. इथून आला. त्या कानावरच्या डब्यातून. तो तं तू काढून ठेवला. माझ्यासमोर काढला.

काढलं तं बंद नाही होत?

नीट सांग. ओरडत नाही मी, सांग. ते कानावर असो का टेबलावर, चालूच राहते. पट्टा उतरवला तरी फिरते. अन् तो नागपूरवरून बोलत होता तो — तो केव्हापासून — सुरुवातीपासून. कपाजवळ. माझ्याच तोंडासमोर.

दे इकडे. कसं धरू? असं?

उमेंद्र.

उमेंद्र, बोल.

श्वास ऐकू येऊन राहिला त्याचा. बोल ना बे. शिव्या दे. मी ऐकून घेतो.

बोलत नाही.

...

थांब. हे काय होऊन राहिलं? तू हात लावला? तुझे दोन्ही हात तं तोंडावर आहेत. मग पडद्यावर बाण कोण फिरवून राहिलं? यादी उघडली. तिनाच्या आकड्यावर गेला. माऊस खराब नाही का म्हणते? तो आहे? नागपूरवरून, मोबाईलवरून? इथलं सगळं दिसते त्याले तिथं, हात घालता येते? मघाशी बाण फिरला तेव्हाही तोच होता — त्यानंच दाखवली जागा, तुले अन् मले.

तीन पुसला.

आठ लिहिला.

उमेंद्र, असं नको करू. पाच मिनिटं राहिली. ते लोक पाहतील. तीन कर परत. मी केलं म्हणून नको, तू केलं असं सांग, मी कोणाले सांगत नाही, हा रिंकूही सांगत नाही, विचार त्याले — रिंकू, सांग त्याले. अरे सांग ना.

दहा हजारावर नेलं.

बटन दाबलं.

ऐक. नाक खाली... वर. रिंकू, वायर काढ. कोणती वायर? सगळ्या काढ. नाही, राहू दे, हात नको लावू, त्याचं आहे ते. खाली... वर. तो ऐकवून राहिला मले. तिसरा झोका आहे हा. डोळे बंद केले तरी मले समजते.

चौथा.

...

तू जा आता. दार लोटून घे.